सही कुणी करायची?

दिवाळीची आवराआवर म्हटली की आमच्याकडे कपाटातल्या त्या जाडजूड निळ्या फाइलशी गाठ ठरलेली. विजेची बिलं, फ्रिजचं वॉरंटी कार्ड, मुलांचे जन्मदाखले, सगळं त्या एकाच फाइलीत कोंबलेलं. यंदा ती उघडली आणि गॅस कनेक्शनच्या कागदामागून तीन कागद खाली पडले. दोन भरलेल्या संमतीपत्रांच्या झेरॉक्स आणि एक कोरं संमतीपत्र. माझ्या पाल्याला शाळेत पाठवायला माझी संमती आहे, अशा अर्थाच्या चार ओळी, खाली पालकाची सही, तारीख आणि मोबाइल नंबर. बस, एवढंच.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असा कागद आला असेल. कुणी डोळे झाकून सही केली असेल, कुणी तो आठ दिवस टीव्हीवर ठेवून दिला असेल. आमच्या घरात या एका पानाने जी उलथापालथ केली, ती मी आजवर फारशी कुणाला सांगितली नाही. बचत गटाच्या बैठकीत मी खूप बोलते, पण घरातलं बोलायचं म्हटलं की जीभ अडखळते.

आमचं गाव अमरावतीपासून तासाभरावर, तालुक्याचं. यांचं कृषी सेवा केंद्र आहे. घरात सासूबाई, तेव्हा बहात्तरच्या, साखरेच्या जुन्या पेशंट. लेक नववीत गेलेली, मुलगा पाचवीत. मी घर सांभाळून आजूबाजूच्या चार खेड्यांतल्या बचत गटांचं काम बघते. पगार नाही, मान मात्र आहे. ‘ताई’ म्हणतात सगळ्याजणी.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा पंधरा दिवसांनी उघडतील असंच वाटलं होतं. शेजारच्या मुलाचा दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. तो बिचारा रोज नकाशे काढून बघायचा आणि शेवटी पेपरच रद्द झाला. जूनमध्ये शाळा मोबाइलवर आली. आमच्या घरी चांगला मोबाइल एकच, तो सकाळी दहाला यांच्यासोबत दुकानात जायचा. मग लेकीचे वर्ग सकाळी, मुलाचा अभ्यास रात्री. रेंज गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून टाकीला टेकून बीजगणित! जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झालं, पहिली ते आठवीसाठी. छान होता तो कार्यक्रम. सासूबाईसुद्धा बघायच्या. पण आमच्या इयत्तेची वेळ आणि लाइट जायची वेळ एक झाली की संपलं.

खेड्यातली गत तर विचारूच नका. आमच्या एका गटात अकरा बायका, त्यांतल्या तिघींच्याच घरी मोठा मोबाइल. तोही नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या खिशात. शाळा बंद पण शिक्षण चालू, असं सरकार सांगत होतं आणि काही गुरुजी खरंच पारावर, देवळाच्या ओट्यावर पोरांना गोळा करून शिकवत होते. पण दसऱ्याच्या सुमारास वेचणी लागली आणि पारावरची पोरं पऱ्हाटीत गेली. कापूस वेचला की किलोवर पैसे. त्यात सातवीतलं पोरगं आणि चाळीस वर्षांची बाई असा फरक कोण करतो?

नोव्हेंबर २०२० मध्ये बातमी आली, २३ तारखेपासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी. शेवटचा निर्णय स्थानिक प्रशासनाचा आणि त्याहून शेवटचा पालकांचा. शिक्षकांच्या कोरोना चाचण्या झाल्या, त्यात राज्यभर बरेच शिक्षक पॉझिटिव्ह निघाले. ते पेपरात वाचून लोक आणखी घाबरले. आणि त्याच आठवड्यात लेक तो कागद घेऊन आली.

“एक वर्ष गेलं तर काय आभाळ कोसळतं? जीव राहिला तर शाळा,” हे म्हणाले. त्यांचं चूक होतं का? दिवसभर दुकानात शेतकरी येत, कुणाचा भाऊ गेला, कुणाचे वडील गेले, हेच कानावर पडायचं. लेक काही बोलली नाही, ताटावरून उठून गेली. तिचं मला वेगळंच काही दिसत होतं. बडबडी पोर दिवसभर पांघरूण घेऊन पडायची. मैत्रिणीचा फोन आला तरी “झोपलेय सांग” म्हणायची. डोक्याला तेल लावून देते म्हटलं तरी नको. ताप थर्मामीटरवर दिसतो, हे कशावर बघायचं?

मधेच एक सांगते. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली, ऑगस्टमध्ये तिथली एक शाळकरी मुलगी दगावली आणि सगळ्या पुण्याच्या काळजाचा ठोका चुकला. शाळा काही दिवस बंद राहिल्या. माझी बहीण तिकडेच. शाळा उघडल्यावर तिने मला फोन केला, “पाठवू का गं याला?” मी इथून ऐटीत म्हणाले होते, “पाठव की, किती दिवस घाबरणार!” तेव्हा माझी लेक अंगणवाडीतही जात नव्हती. फोनवरून हिंमत द्यायला काय लागतं? अकरा वर्षांनी तो कागद माझ्या पुढ्यात आला, तेव्हा मला बहिणीचा तो आवाज आठवला आणि अक्षरशः लाज वाटली.

निर्णय शेवटी सासूबाईंनी केला, म्हणजे तसं मी इतकी वर्षं समजत आले. रात्री त्यांच्या पायांना तेल चोळत होते, तेव्हा म्हणाल्या, “माह्या नावावर पोरीची शाया बुडवू नोका. मले चौथीतून काढलं होतं, धाकट्या भावाले सांभायाले.” मी सकाळी सही केली. यांनी कागदाकडे बघितलं नाही.

मग घराचे नियम. शाळेतून आली की मागच्या दाराने मोरीत, अंघोळ, गणवेश सर्फच्या बादलीत, आजीच्या खोलीत जायचं नाही. आठ दिवसांत लेक खुलली. पण ज्या आजीने शाळेत पाठवा म्हटलं, तीच रुसली. नात उंबऱ्यावरून बोलते, जवळ बसत नाही, डोक्यावरून हात फिरवू देत नाही. “मी काय अस्पृश्य झाली काय,” म्हणायच्या. त्यांना समजावताना माझाच कंठ दाटून यायचा.

२७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीही सुरू. आमचा मुलगा पाचवीला नव्या शाळेत गेला होता आणि शाळेचं फाटकही त्याने आतून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कागदावर मी फार विचार न करता सही केली. पहिल्याने निभावलं होतं ना. शिवाय त्या दिवसांत मी खेड्यांत फिरून बायकांना सांगत होते, पोरांना शाळेत पाठवा, मास्क लावा, डबा वाटून खाऊ देऊ नका. स्वतःची पोरं घरी ठेवून हे कुठल्या तोंडाने सांगणार?

खरं तर मला वाटलं होतं, बायका घाबरतील, मला समजूत घालावी लागेल. झालं उलटंच. एका गटातली बाई, मजुरी करणारी, लेक आठवीत. मी आपलं सुरू केलं, सॅनिटायझर, अंतर वगैरे. तिने मला मधेच थांबवलं. “ताई, मले कायले सांगता? शायेत गेली त पोरगी हाय, घरी बसली त नवरी हाय.” बाजूच्या दोघी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. दोन हंगाम तिची पोर वेचणीला जात होती. वावरात जाणारी पोर लोकांच्या डोळ्यांत मोठी दिसायला लागते आणि मग कुणीतरी मावशी-आत्या स्थळ घेऊन येते. आम्ही घरी कोरोनाची भीती आणि अभ्यासाचं नुकसान, अशी दोन पारडी मांडून बसलो होतो. तिच्या तराजूत कोरोना जवळजवळ नव्हताच.

त्यानंतर तीन आठवडेही धड गेले नाहीत. दुसरी लाट राज्यात आधी शिरली ती आमच्याच भागात, अमरावती, अकोला, यवतमाळला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळा बंद, २२ तारखेपासून अमरावतीत लॉकडाऊन. मुलाने नव्या दप्तराला घातलेलं कव्हर अजून कोरंच होतं. त्या आठवीतल्या पोरीच्या आईला मी फोनवर म्हणाले, “पंधरा दिवसांत उघडतील गं.” का म्हणाले कोण जाणे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात यांना कणकण आली. दोन दिवसांनी सासूबाईंना. १ मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली होती, पण आमचा नंबर लागायच्या आतच हे झालं. हे घरीच बरे झाले. सासूबाईंची बोटं ऑक्सिमीटरमध्ये घातली की आकडा खाली खाली. एचआरसीटीचा स्कोअर हा शब्द आमच्या घरात आला तो तेव्हा. अमरावतीला नेलं. नऊ दिवस त्या दवाखान्यात होत्या, त्यातले पाच ऑक्सिजनवर. आत कुणाला सोडत नव्हते. मी रोज सकाळी गेटवर डबा देऊन यायची आणि संध्याकाळी तोच डबा अर्धा भरलेला परत घ्यायची.

आणि फोन. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “हौस होती ना शाळेत पाठवायची. आता भोगा.” मी काहीच बोलले नाही. मुलांच्या शाळा बंद होऊन दोन आठवडे झाले होते, दोघांच्याही चाचण्या निगेटिव्ह होत्या, दुकान रोज उघडं होतं. आणि फेब्रुवारीत याच जाऊबाईंच्या लेकीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे जेवून आलो होतो, पंगतीला पंगत लागून. पण साखरपुड्याचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. घरात माणूस आजारी पडलं की बोट आईकडेच वळतं, आणि खरं सांगू, माझं स्वतःचं बोटसुद्धा माझ्याकडेच वळलेलं होतं. रात्री झोप लागायची नाही. ती सही डोळ्यांपुढे यायची, माझ्या नावातल्या वेलांटीसकट.

कुठून आला तो आजार, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कळणारही नाही. सासूबाई घरी आल्या, चौदा किलोने हलक्या होऊन. लेकीला दारात बघितलं आणि हाताने खूण केली, ये. ती मला न विचारता गेली आणि त्यांच्या उशाशी बसली.

मे महिन्यात त्या बाईचा फोन आला. “ताई, पाहुणे येऊन गेले. बुधवारी लावतो म्हणते तिचा बाप.” तेव्हा लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी. तुम्हीही पाहिली असतील तशी लग्नं. आपण म्हणायचो, बरं झालं, खर्च वाचला. पण ज्याच्याजवळ पैसा नाही आणि घरात लेक आहे, त्याला ही चालून आलेली संधी वाटत होती. मांडव नाही, पंगत नाही, गावाला जेवण नाही. पाच-दहा हजारांत पोर उजवते! तो बाप काही राक्षस नव्हता. त्याचं गणित साधं होतं. शाळा बंद, पोर दिवसभर एकटी घरी, आई-बाप वावरात. तिला काही झालं म्हणजे?

खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? मला गटाच्या एका प्रशिक्षणात कळलं होतं, म्हणून आठवलं. त्यांना फोन केला, अंगणवाडी सेविकेला घेतलं आणि मास्क लावून आम्ही तिघं त्या घरी गेलो. अठरा पूर्ण नसताना लग्न लावलं तर वर, आई-बाप, भटजी, हजर राहणारे, सगळेच २००६ च्या कायद्यात अडकतात, हे ग्रामसेवकांनी शांतपणे सांगितलं. मुलाकडच्यांनी ते ऐकलं आणि चहा न घेताच उठले. बाप माझ्याकडे बघून म्हणाला, “मग तुम्ही सांगा ताई, शाया कधी उघडते?” याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आईने तिला दुसऱ्याच दिवशी मामाकडे नेऊन ठेवलं.

हे एक लग्न थांबलं म्हणून मी कुठे मिरवत नाही. कारण त्याच उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीतली नववीतली एक पोर आमच्या हातून निसटली. आम्हाला कळलं तेव्हा ती माहेरी आलेली होती, आणि अंगणवाडीत गरोदर बायांच्या यादीत नाव घालायला तिची आई मान खाली घालून उभी होती. तिच्याबद्दल आम्हाला कुणी फोन केला नव्हता.

१५ जुलैपासून कोरोनामुक्त खेड्यांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करायचं ठरलं. ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही, तिथेच. तिच्या गावाने ठराव केला आणि ती पोर मामाकडून परत येऊन नववीत बसली. ऑगस्टमध्ये बाकीच्या शाळांचं परिपत्रक निघालं आणि दोन दिवसांत थांबलं, टास्क फोर्सचा सल्ला आला म्हणून. ऑक्टोबरच्या ४ तारखेपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरात आठवी ते बारावी. आता आमचं गाव म्हणायला तालुका, पण नगरपरिषद असल्याने ‘शहर’. आमच्या वॉर्डामागचा नाला ओलांडला की ग्रामपंचायत. नाल्यापलीकडची सहावीतली पोट्टी दप्तर लावून शाळेत निघायची आणि आमचा सहावीतला चिरंजीव कुंपणावर बसून त्यांना हात करायचा. विषाणूला नाला दिसत असावा!

लेक दहावीत, ती जायला लागली. मुलाचा कागद डिसेंबरच्या तोंडावर आला, १ तारखेपासून शहरातले पहिली ते सातवीचे वर्ग उघडणार म्हणून. आणि माझा हात चालेना. सासूबाई तोवर काठी घेऊन अंगणात फिरायला लागल्या होत्या, त्यांना लशीचे दोन्ही डोस झाले होते, सगळं खरं. पण पेन हातात घेतलं की तो अर्धा भरलेला डबा दिसायचा. मी तो कागद देवघराजवळ ठेवला. चार दिवस तसाच.

आमच्या ह्यांनी काय केलं असेल? तेच, जीव राहिला तर शाळा म्हणणारे! शाळेत जाऊन दुसरा कागद मागून घेतला, तिथेच सही करून देऊन आले. रात्री जेवताना सांगितलं. झालं होतं असं, की मुलगा दुकानात बसलेला, एक म्हातारे शेतकरी औषधाची बाटली घेऊन त्याला म्हणाले, “बेटा, चष्मा नाही, किती टाकायचं लिहिलं आहे ते वाच बरं.” आणि हा अडला. जोडाक्षर आलं की थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. सहावीतलं पोरगं. म्हातारबाबांनी शेवटी बाटली यांच्याकडे दिली. “मला त्यांच्यापुढे मान वर करवेना,” हे म्हणाले. मी थक्क झाले. घरात मीच रोज त्याचा अभ्यास घेत होते ना? पण मी त्याला वाचून दाखवत होते आणि तो मान हलवत होता, हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

तो काही एकटाच नव्हता म्हणा. ‘असर’चा २०२२ चा अहवाल आला, त्यात देशातली तिसरीतली मुलं बघितली होती. दुसरीचा धडा वाचता येणारी मुलं २०१८ मध्ये शंभरात २७.३ होती, ती २०.५ वर आली. हा आकडा मी पेपरातून कापून गटाच्या वहीत चिकटवला आहे.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा शाळा बंद झाल्या आणि त्याच महिन्यात २४ तारखेपासून पुन्हा उघडायला लागल्या. त्या वेळी आमच्याकडे वादच झाला नाही. लेकीने ३ जानेवारीनंतर लगेच लस घेतली, पंधरा ते अठराच्या मुलांना तेव्हा सुरू झाली होती, आणि मार्चमध्ये दहावीची परीक्षा स्वतःच्याच शाळेत दिली. वाढीव अर्धा तास होता, तरी पहिल्या पेपराहून बोटं चोळत आली. दोन वर्षं लिहिण्याची सवयच मोडलेली.

लेक आता अमरावतीला शिकते. ती दिवाळीला आली, तेव्हा तिला ते तीन कागद दाखवले. पहिल्यावरची माझी सही बघून म्हणाली, “आई, आजीला शाळेत पाठवा म्हणायला मीच सांगितलं होतं, माहीत आहे ना तुला?”

मला माहीत नव्हतं. पाच वर्षं मी समजत होते, सासूबाईंनी स्वतःहून, चौथीतून काढल्याच्या दुःखातून ते म्हटलं. दुःख खोटं नव्हतंच. पण नात आदल्या दुपारी त्यांच्यापाशी बसून रडली होती, आणि त्यांनी आपल्या जिवाचा हिशोब बाजूला ठेवून तिचा निरोप माझ्यापर्यंत पोचवला होता. कुणाचं नाव न घेता.

मी सासूबाईंच्या खोलीत गेले. विचारू की नको, असं करत दारातच उभी राहिले. त्या पलंगावर बसून चकलीच्या भाजणीसाठी डाळ निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, “उभी काय, बस. डोयाले खडे दिसत नाही आता, तू पाह्य.” मी सूप पुढे ओढलं आणि बसले.